वाहत्या पाण्याचे पंडित आणि परभणीचा कालवा

पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून परभणी जिल्ह्यास पाणी मिळावयाचे ते त्याच्या उत्तरार्धातून. सेकंदास एक मीटर असा वेग धरला, तरी मुखाशी सोडलेले पाणी शेवटास पोहोचण्यास जवळजवळ अडीच दिवस लागावयाचे; आणि वाटेत ते किती मुरले, किती गवतात अडले, किती परस्पर उपसले गेले, याचा हिशेब ज्याच्या शेतात ते यावयाचे त्यास सहसा दिसत नाही. पाथरी-मानवतकडे आवर्तनाचा विषय निघाला की दोष बहुधा पाटकऱ्यावर किंवा सरकारवर जाऊन पडतो. तो सर्वस्वी अनाठायी असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु या तक्रारीचा बराचसा भाग एका स्वतंत्र शास्त्राच्या कक्षेत येतो, आणि त्या शास्त्राची व ते घडविणाऱ्या पंडितांची आमच्या वाचकांस थोडी ओळख करून देण्याचा येथे विचार आहे.

देवघरातील उदबत्तीचा धूर सर्वांनी पाहिला आहे. वीतभर तो दोऱ्यासारखा सरळ चढतो, आणि मग कोणी न छेडताही एकाएकी वेटोळी घेऊ लागतो. हे असे का व्हावे? मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असता ती धार अभंग राही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती विस्कटून सर्व पाण्यात मिसळून जाई. ही मर्यादा केवळ वेगावर ठरत नाही. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा दाटपणा या तिहींच्या प्रमाणावर ती ठरते, हा रेनल्ड्स यांचा शोध. संथ प्रवाहाचे गणित सुटते. खळबळलेल्या प्रवाहाचे अद्यापि पुरते सुटलेले नाही. नाव्हिए यांनी १८२२ मध्ये व स्टोक्स यांनी १८४५ मध्ये सिद्ध केलेली समीकरणे सर्वमान्य आहेत. परंतु त्यांची उत्तरे सदैव सुरळीतच राहतात काय, हे सिद्ध करणारास अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक लाविले, ते अजून कोणास मिळालेले नाही.

या शास्त्रातील मोठी नावे पुष्कळ आहेत. जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये दाखविले, की घर्षणाचा सारा खेळ पृष्ठभागास चिकटून असलेल्या पातळ थरात चालतो. विमानविद्येचा पाया त्या थरावर उभा आहे. रशियाचे कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवऱ्यांत शक्ती कशी उतरत जाते, त्याचा नियम मांडला. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि त्यांचे शिष्य रोद्दम नरसिंह यांनी संथ प्रवाह खळबळीचा कसा बनतो, याच संधिकाळाचा अभ्यास केला. नरसिंह हे पुढे मोसमी वाऱ्यांकडे व ढगांकडे वळले. मृगाच्या ढगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या मराठवाड्यास विमानापेक्षा हा विषय अधिक जवळचा.

तथापि आमच्या मते परभणीकराने प्रथम ज्यांचे नाव घ्यावे, ते पंडित विमानाचे नव्हेत, कालव्याचे. पंजाबातील कालव्यांवर केनेडी यांनी १८९५ मध्ये नियम बसविला, की अमुक खोलीस अमुक वेग असेल तरच गाळ बसत नाही व काठही खचत नाही. जेरल्ड लेसी यांनी १९३० मध्ये तो विचार पुष्कळ पुढे नेला. आणि आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकवासल्यास, हेच काम एका संस्थेने शंभर वर्षांहून अधिक काळ चालविले आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक लहानशी शाखा काढली; तीच आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था. तिची कीर्ती वाढविली ती क्लॉड इंग्लिस यांनी. त्यांच्या मागून संचालकपदी डी. व्ही. जोगळेकर आले. खडकवासल्यास सहलीस जाणारी मंडळी धरणाच्या भिंतीवर भुईमुगाच्या शेंगा खाऊन परत येतात, पण हाकेच्या अंतरावर नद्यांची लहान प्रतिरूपे वाहत असतात याची दाद त्यांस नसते!

या प्रतिरूपांची युक्ती मोठी मनोरम आहे. नदी शंभरपट लहान केली, तर वेग शंभरपट नव्हे, दहापट कमी ठेवावा लागतो. आणि काळही दहापटच आकसतो. म्हणजे गोदावरीचा एक दिवसाचा पूर तेथे सुमारे अडीच तासांत उतरतो. जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहणाऱ्या विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा हा नियम होय. अडचण एवढीच, की फ्रूड यांचा नियम पाळावा तर रेनल्ड्स यांचा मोडतो. पाणी लहान होते, पण त्याचा चिकटपणा लहान होत नाही. म्हणूनच प्रतिरूपावरून निघालेला निष्कर्ष जाणत्या माणसाने तोलून पाहावा लागतो. ढालेगाव, मुद्गल, दिग्रस अशा बंधाऱ्यांची दारे पुराच्या वेळी कधी व किती उघडावी, मागे पाण्याचा फुगवटा किती गावांस लागेल, हे प्रश्न याच जातीचे आहेत.

आता कालव्याकडे परत येऊ. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे प्रवाहाचा वेग तळाच्या खडबडीतपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. चांगल्या अस्तराच्या कालव्यास हा अंक ०·०१८ धरतात; गवत माजलेल्या मातीच्या कालव्यास तो ०·०३० पर्यंत जातो. खोली व उतार तेच असता, शंभर भाग पाण्याचे साठच भाग पुढे सरकतात. एका थेंबाचीही चोरी न होता चाळीस भाग गेले! त्यात आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते व काँक्रीटचे अस्तर उचलून फोडते. मुंबईच्या आयआयटीतील आर. के. कट्टी यांनी अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याचा उपाय संशोधनाने सिद्ध केला. तो स्वस्त नाही, पण दर काही वर्षांनी अस्तर फुटण्यापेक्षा महागही नाही, असे आमचे मत आहे.

खडकवासल्याच्या संशोधनातून दख्खनच्या कालव्यांस मिळालेली आणखी एक देणगी म्हणजे पाणी मोजण्याची आवळ-नाली. चारीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत आलेले बांधकाम व शेजारी आकड्यांची पट्टी पुष्कळांनी पाहिली असेल. तेथे पाणी आवळले जाऊन पुढे उसळी घेते, आणि मागच्या बाजूची केवळ उंची वाचून विसर्ग कळतो. मात्र विसर्ग उंचीच्या दीडाव्या घातात बदलतो. पट्टीवर ४० ऐवजी ३६ सेंटिमीटर असले, तर उंची दहावा हिस्सा कमी झाली, पण पाणी शेकडा १५ च्या आसपास घटले. २००५ च्या महाराष्ट्रातील कायद्याने पाणीवापर संस्थांस पाणी घनमापाने मोजून द्यावयाचे ठरले आहे. तेव्हा ही चार सेंटिमीटर कोण वाचतो, दिवसातून किती वेळा वाचतो व कोणत्या वहीत टिपतो, यावर गावाचा हिस्सा ठरतो. सुट्टीत गावी आलेल्या कॉलेजातील मुलास ही पट्टी वाचण्यास व आकडेमोड करण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये.