वसईच्या मावशी

कुवेतमध्ये जवळजवळ सहा दशकं संसार केलेल्या आमच्या मावशी २०२२ साली, वयाच्या ८४व्या वर्षी गेल्या. शेजारपाजारचे आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. त्यांनी कधी नोकरी केली नाही, कुठल्या कमिटीवर त्या नव्हत्या. अशा बाईबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे चार शब्द.

माहेर आणि सासर दोन्ही वसई तालुक्यातलं, कॅथलिक. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी. लग्नानंतर १९६३ साली मुंबईहून बोटीने इथे आल्या त्या ट्रंकेत लाल चौकड्यांचं लुगडं आणि डब्यात सुकेळी घेऊन. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी पुढेही गावाहून यायची आणि पहिला वाटा शेजारच्या मुलांना मिळायचा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारीच होली फॅमिली चर्चमध्ये मिसा. तिथून परतल्या की दुपारच्या जेवणाला दोन-चार एकटी राहणारी पोरं ठरलेलीच.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या. बगदादमार्गे बसने अम्मान आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय तेव्हा असे परतले, त्यांत हे कुटुंबही होतं. “बरोबर काय घेतलंत?” असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “स्टोव्ह, मुलांची सर्टिफिकिटं आणि पीठ. दागिने पिठातच.” वाळवंटातल्या छावणीत त्या पिठाच्या चपात्या त्यांनी अनोळखी लोकांनाही वाटल्या. १९९२ साली परत आल्या तर घर धुऊन नेलेलं. दोन पातेल्यांवर संसार पुन्हा मांडला. रडगाणं मात्र नाही.

त्यांना एकच गोष्ट खुपायची. कार्यक्रमात कोणीतरी हमखास म्हणायचं, “अरे वा, ख्रिश्चन असून मराठी छान बोलता!” मावशी हसून म्हणायच्या, “मग काय पोर्तुगीज बोलू? त्यांना चिमाजी अप्पांनी १७३९ सालीच घालवलं की!” जानेवारी २०२० मध्ये वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मावशींनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे ही मराठी काही कालची नव्हे.

घरात त्या सामवेदी बोली बोलत. लग्नातली गाणी, जात्यावरची गाणी त्यांना तोंडपाठ होती. मुलांना ती कळतात, नातवंडांना नाही. त्यांच्या सुनेने शेवटच्या दोन वर्षांत त्यांतली काही मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली. उरलेली मावशींबरोबर गेली.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी आई, आजी, मावशी आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी कोणती तिची बोली असेल तिच्यात तिला बोलतं करा आणि तिचं बोलणं जपून ठेवा. येत्या शुक्रवारीच बसा तिच्याजवळ.