प्रशिक्षक बदलला की खेळ बदलतो का?

मागच्या व्याख्यानात आपण 'कौशल्य' या संकल्पनेपाशी येऊन थांबलो होतो. आज तीच संकल्पना आपल्याला मैदानात घेऊन जायची आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी फुटबॉलमध्ये कशाला लुडबुड करावी, असं काहींना वाटेल. पण 'माहीत असणं' आणि 'येणं' यांतला फरक मैदानावर जितका उघडा पडतो, तितका तो वर्गात पडत नाही.

उदाहरण भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचं घेऊ. २०१९ ते २०२५ या काळात या संघाला तीन नवे प्रशिक्षक मिळाले. आधी क्रोएशियाचे इगोर स्टिमाच, मग स्पेनचे मानोलो मार्केझ आणि त्यांच्यानंतर आपले खालिद जमील. तिन्ही वेळा एकच वाक्य कानावर आलं, 'आता आपला खेळ बदलणार.' हे वाक्य खरं ठरायचं तर नेमकं काय बदलावं लागतं? आणि त्यातलं किती एका माणसाच्या हातात असतं?

आधी 'डावपेच' हा शब्द थोडा घासूनपुसून घेऊ. टीव्हीवर सामना सुरू होण्याआधी आकडे दाखवतात, ४-४-२, ४-२-३-१ वगैरे. खेळाडू साधारण कुठे उभे राहणार, एवढंच त्यातून कळतं. खरा डावपेच 'असं झालं तर काय?' या प्रश्नाच्या उत्तरात असतो. आपल्या गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला, तर दोन मधले बचावपटू बाजूला पसरून चेंडू मागणार, की सगळे पुढे सरकून लांब किकची वाट बघणार? चेंडू गमावला, तर लगेच त्या खेळाडूवर तुटून पडायचं, की मागे फिरून आपली घडी नीट लावायची? यांपैकी कुठलंही उत्तर चालेल. अट एवढीच की अकराही जणांनी तेच उत्तर त्याच क्षणी दिलं पाहिजे. आठ जण पुढे धावले आणि तीन मागे, तर मध्ये जी मोकळी जागा पडते तिथूनच गोल होतो.

आता आपल्या भाषेची एक गंमत बघा. आपण 'मला पोहणं माहीत आहे' असं म्हणत नाही, 'मला पोहता येतं' असं म्हणतो. हे 'येणं' माहितीपेक्षा वेगळं आहे, हे मराठीनं क्रियापदातच धरून ठेवलंय. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात हाच भेद मांडला. अमुक आहे हे माहीत असणं एक, आणि अमुक करता येणं दुसरं. त्याचा मुख्य मुद्दा असा, की दुसरं हे पहिल्याची निव्वळ अंमलबजावणी नसतं. कुशल माणूस आधी मनात नियम म्हणून मग हात हलवत नाही. तसं असतं, तर तो नियम कसा वापरायचा याचाही नियम आधी म्हणावा लागला असता, मग त्याचाही, आणि हे कधी संपलंच नसतं.

प्रशिक्षक संघाला जे सांगतो, फळ्यावर काढून दाखवतो, ते सगळं 'माहीत असणं' या खात्यात जमा होतं. सामन्यात लागतं ते 'येणं'. अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी विचार करायला एक सेकंदही देत नाही.

इथे आपल्याकडच्या वैशेषिकांची मदत घ्यावीशी वाटते. त्यांनी संस्कार तीन प्रकारचे मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा, ज्यातून स्मरण होतं. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर ज्या गुणामुळे पुन्हा मूळ जागी जाते तो. शास्त्रात तो जड पदार्थांचाच गुण सांगितलाय, तेव्हा खेळाडूंना लावताना आम्ही थोडी सूट घेतोय. पण भारतीय संघाचे सामने बघताना हा शब्द फार उपयोगी पडतो.

स्टिमाच यांच्या आधी स्टीफन कॉन्स्टंटाइन होते. त्यांचा संघ सरळसोट खेळायचा. दोन फळ्या घट्ट ठेवायच्या, चेंडू मिळाला की मधली फळी ओलांडून पुढच्या दोघांकडे पाठवायचा. नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण २०१५ साली जागतिक क्रमवारीत १७३व्या स्थानावर असलेला भारत २०१७ साली ९६व्या स्थानावर पोहोचला, तो याच खेळावर. जानेवारी २०१९मध्ये आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं, तेही याच खेळावर. मग बहरीनविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी गेली, भारत बाहेर पडला आणि कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला.

स्टिमाच १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघात खेळलेले. त्यांना गोलरक्षकापासून छोटे पास देत पुढे जाणारा संघ हवा होता. त्यांनी पहिला बदल केला तो निवडीत. जून २०१९मध्ये कुरासाओविरुद्धच्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस, केरळचा सहल अब्दुल समद आणि मुंबईचा राहुल भेके भारताकडून प्रथमच खेळले. ब्रँडन आणि सहल हे चेंडू पायाशी ठेवून विचार करणारे खेळाडू. निवड हे प्रशिक्षकाचं सगळ्यात जलद हत्यार असतं, कारण त्यात कुणाला काही नवं शिकवायचं नसतं. ज्याला ते आधीच येतं, त्याला आत घ्यायचं एवढंच. सामना मात्र भारत ३-१ असा हरला. पुढच्या महिन्यात अहमदाबादला ताजिकिस्ताननं चार आणि उत्तर कोरियानं पाच गोल केले.

मग सप्टेंबरात गुवाहाटीला विश्वचषक पात्रतेचा पहिला सामना ओमानशी झाला. पहिल्या अर्धात भारत खरोखर वेगळा दिसला. उदांताचा फटका गोलच्या दांड्यावर आदळला आणि २४व्या मिनिटाला सुनील छेत्रीनं गोल केला. दुसऱ्या अर्धात पाय जड झाले, संघ मागे मागे सरकत गेला, आणि ८२व्या व ९०व्या मिनिटाला ओमाननं दोन गोल करून सामना नेला. हाच तो स्थितिस्थापक संस्कार! ताजेपणी फांदी वाकलेली राहते. दमलं, भ्यालं, आघाडी जपायची वेळ आली, की ती जागेवर परत जाते.

पाचच दिवसांनी दोहामध्ये आशियाई विजेत्या कतारला भारतानं ०-० असं रोखलं. छेत्री आजारी होता. कतारनं २७ वेळा गोलच्या दिशेनं फटके मारले आणि गुरप्रीतसिंग संधू भिंतीसारखा उभा राहिला. स्टिमाच यांच्या पहिल्या वर्षातला सगळ्यात गाजलेला निकाल म्हणून तो आजही सांगतात. पण नीट बघितलं तर तो बचावाचा, म्हणजे जुन्याच शिकवणीचा निकाल होता. महिन्याभरानं कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध स्वतः खेळ उभा करायची वेळ आली, तेव्हा बरोबरीसाठी ८८व्या मिनिटापर्यंत थांबावं लागलं. गोव्याच्या आदिल खाननं तो गोल केला. त्या पात्रता फेरीतल्या आठ सामन्यांत भारतानं एकच जिंकला.

याचा सगळा दोष स्टिमाच यांच्यावर टाकणं आम्हांला पटत नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाचं वर्ष कसं असतं बघा. गेली बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा पाच खिडक्या ठरलेल्या होत्या. एकेक साधारण नऊ-दहा दिवसांची. त्यात प्रवास, दोन सामने आणि त्यांच्यानंतरची विश्रांती वजा केली, तर खऱ्या सरावाला दोन-चार दिवस उरतात. बाकी सगळं वर्ष खेळाडू क्लबकडे असतो आणि तिथला प्रशिक्षक त्याच्या अंगी दुसरंच काही मुरवत असतो. 'येणं' क्लबमध्ये घडतं आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या वाट्याला 'सांगणं' येतं.

म्हणून ज्या राष्ट्रीय संघांचा खेळ खरोखर बदललेला दिसतो, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादा क्लब असतो. २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरांत सहा जण बार्सिलोनाकडून खेळणारे होते. आपल्याकडे सय्यद अब्दुल रहीम यांचं उदाहरण आहे. 'मैदान' चित्रपटामुळे त्यांचं नाव नव्या पिढीला कळलं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं हरवलं, तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी होते आणि मांडणीही दोन बॅकची जुनी होती. पुढच्या चार वर्षांत पायांत बूट आले, तीन बॅक आले, आणि १९५६ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. हे रहीम यांना जमलं, कारण ते हैदराबाद सिटी पोलिस संघाचेही प्रशिक्षक होते. याच संघानं मुंबईत १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. राष्ट्रीय संघात हैदराबादचे बरेच जण असायचे, त्यांना रहीमसाहेबांचा खेळ सांगावा लागत नव्हता, तो त्यांना येत होता.

मग १९६२ला जकार्तात रहीम यांनी जर्नेलसिंग या बचावपटूला, डोक्याला टाके पडलेले असताना, सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य फेरीत आणि अंतिम सामन्यात दोन्हीकडे त्यांनी गोल केला आणि भारतानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण घेतलं. हा चमत्कार म्हणून सांगतात. पण रहीम यांनी जर्नेलसिंगांना नवं काही शिकवलं नव्हतं. धिप्पाड शरीर आणि उंच चेंडूवरचा हक्क हे गुण तेच राहिले, त्यांची जागा फक्त बदलली.

आता खालिद जमील. खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, मग मुंबई एफसीचं प्रशिक्षकपद, आणि २०१७ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद. हाती जे आहे त्यावर भागवायचं, हा त्यांचा पिंड. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत, तरी पहिल्याच सामन्यात भारतानं ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं. दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे. पहिला आला तो नवख्या उवैसच्या लांब थ्रो-इनवर.

हे थ्रो-इन प्रकरण आपल्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. थ्रो-इन, कॉर्नर, फ्री किक यांत खेळ थांबलेला असतो. चेंडू हातात किंवा जमिनीवर स्थिर, प्रत्येकाला आपली जागा आठवायला वेळ असतो. म्हणजे इथे 'माहीत असणं' पुरतं! फळ्यावर सांगितलेलं चार दिवसांत मैदानावर उतरू शकतं. नव्या प्रशिक्षकाचा हात सगळ्यात आधी इथे दिसतो, तो यामुळे. त्याच स्पर्धेत क्रमवारीत ७९व्या असलेल्या ओमानला पेनल्टींवर हरवून १३३वा भारत तिसरा आला.

एक गोष्ट मात्र थ्रो-इननं भागत नाही. गोल करणारा माणूस लागतो. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये बहुतेक क्लब ती जागा परदेशी खेळाडूला देतात. भारतीय आघाडीपटू बाजूला खेळतो किंवा बाकावर बसतो. जून २०२४मध्ये निवृत्त झालेला छेत्री मार्च २०२५मध्ये चाळिशी ओलांडल्यावर परत आला आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोल करून गेला. ऐकायला सुंदर आहे, पण यात आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटावी. ही जागा कुठलाच राष्ट्रीय प्रशिक्षक नऊ दिवसांत भरू शकत नाही.

ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्ध ते दिसलं. छांगटेनं १४व्या मिनिटाला बाहेरून सुरेख गोल केला. ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला सिंगापूरनं दोन केले. पुढचा अर्धा तास भारताला गोल हवा होता, आणि तो झाला नाही. २०२७च्या आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं.

पुढचा सामना बघाल तेव्हा थोडा वेळ चेंडूवरची नजर काढा. आपल्या गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की दोन मधले बचावपटू कुठे जातात, ते पहिल्या दहा मिनिटांत बघून ठेवा. मग पंचाहत्तराव्या मिनिटानंतर, त्यातही भारत एका गोलनं पुढे असेल तेव्हा, तेच पुन्हा बघा.