तोंडात गार्ड घालून 'कबड्डी' म्हणता येतं का?

तुमच्यापैकी किती जणांच्या स्पोर्ट्स बॅगेत नी-कॅप असते? बऱ्याच जणांच्या. अँकलेट? तेही असतं. क्रेप बँडेज, दुखण्यावरचं मलम, मागच्या मॅचची उरलेली चिकटपट्टी, सगळं निघेल. आता माऊथगार्ड किती जणांकडे आहे? हाच प्रश्न मी आमच्या ग्राऊंडवर विचारला तेव्हा एकीने मलाच विचारलं, "म्हणजे ते बॉक्सिंगवाले मध्येच तोंडातून काढतात ते?"

हो, तेच. आणि हा लेख त्याच्यावरच आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा फक्त शंभर मार्कांचा एक विषय होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि नाही दिसल्या तर संपादक मंडळाचे आभार.)

मागच्या वर्षी फेब्रुवारीत इंटर-कॉलेजच्या आधी आमची प्रॅक्टिस चालू होती. माझी रूममेट चढाईला गेली. ती इथल्याच जुन्नर तालुक्यातल्या गावची, लहानपणापासून जत्रेच्या मैदानावर खेळलेली. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, ती मध्य रेषेकडे झेपावली आणि तोंडावर आली ती थेट दुसरीच्या टाचेवर. उठली तेव्हा ओठ फाटलेला आणि समोरचा वरचा दात जागेवर नाही. दात तुटला नव्हता, मुळासकट अख्खा बाहेर आला होता. मातीत सापडला.

त्यानंतर आम्ही जे केलं ते सगळं मनापासून केलं आणि सगळं चुकीचं केलं. एकीने दात नळाखाली धरून अंगठ्याने घासून घासून माती काढली. मी तो टिश्यू पेपरमध्ये गुंडाळला आणि पेन्सिल बॉक्समध्ये ठेवला. मग ओठाचं रक्त थांबवणं, परवानगी, गाडी शोधणं, आळेफाट्याच्या चौकातला ट्रॅफिक. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे संध्याकाळी सहा वाजता काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. डेंटिस्टकडे पोचायला दीड तास गेला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दात कशात आणलात?" मी पेन्सिल बॉक्स पुढे केला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "हॉस्टेलच्या मेसमध्ये दूध नव्हतं का?"

दूध होतं. चहाच्या वेळेचं होतं. ज्या भागात गावोगावी सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाच्या किटल्यांची रांग लागते, तिथे आम्ही दात कोरडा घेऊन गेलो.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दाताच्या मुळावर एक पातळ जिवंत पापुद्रा असतो. दात हाडाला धरून ठेवण्याचं काम तो करतो. तो कोरडा पडला की त्यातल्या पेशी मरायला लागतात आणि तासाभरात खेळ संपतो. दुधाचे क्षार आणि आम्लता पेशींना मानवण्यासारखी असते, त्यामुळे थंड दुधात त्या बराच वेळ तग धरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, पण कोरडं ठेवण्यापेक्षा तेही बरं. घासणं मात्र अजिबात नाही. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, दुधात हलकेच बुचकळायचा, आणि हिंमत असेल तर तिथल्या तिथे त्याच खड्ड्यात परत बसवून रुमाल चावून धरायचा. हे फक्त कायमच्या दातांसाठी, लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी नाही. आणि खेळाडू पूर्ण शुद्धीवर असेल तरच. बसवणं जमत नसेल तर दुधात टाकून पळायचं.

तिचा दात डॉक्टरांनी बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, पुढे रूट कॅनाल झालं. पण मूळ आता हळूहळू विरघळत जाणार, किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. ती अजून हसताना तोंडावर हात धरते.

आता मुद्द्यावर येते. मी स्वतः शाळेत तायक्वांदो खेळायचे. तिथे स्पॅरिंगला माऊथगार्ड सक्तीचं, घातलं नाही तर मॅटवर घेतच नाहीत. बॉक्सिंगलाही तसंच. मग मी रूममेटला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की तू पण घाल, सवय होते. गार्ड मागवलं. 'बॉइल अँड बाइट' म्हणतात ते, गरम पाण्यात मऊ करून तोंडात बसवायचं, दोन-चारशे रुपयांत मिळतं. (पाणी मेसमधून आणलं. रूममध्ये किटली नाही, रेक्टर मॅडम.)

ती दुसऱ्या दिवशी ते घालून चढाईला गेली आणि ग्राऊंडभर हशा. कारण तोंडातून येत होतं, "कवल्ली, कवल्ली, कवल्ली..."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तायक्वांदोमध्ये बोलावं लागत नाही, कबड्डीत बोलणं हाच खेळ आहे! ३० सेकंदांची चढाई, आणि त्यात 'कबड्डी' हा दम सलग आणि स्पष्ट ऐकू यायला हवा. तो नीट नसेल तर पंच चढाई थांबवून परत पाठवतात. म्हणजे दात वाचवायला गेलो आणि चढाई गेली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, १९९० पासून ती आशियाई खेळांत आहे, २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. माती गेली, मॅट आली, बूट आले. पण माऊथगार्ड आपल्या ग्राऊंडवर रुळलं नाही, आणि मला वाटतं त्यामागे आळस किंवा पैसे याच्याइतकंच हे 'कवल्ली' प्रकरण आहे. मुली मूर्ख नाहीत. जी वस्तू घालून खेळता येत नाही ती कोण रोज घालेल?

म्हणून आम्ही उच्चाराचं पोस्टमॉर्टेम केलं. तुम्हीही आत्ता म्हणून बघा. 'क' जिभेच्या मागच्या भागातून येतो, वरच्या दातांवरचं गार्ड त्याच्या वाटेत येत नाही. 'ब' साठी दोन्ही ओठ मिटावे लागतात. गार्ड पुढून जाड असेल तर वरचा ओठ उचललेला राहतो, ओठ मिटत नाहीत, 'ब' चा 'व' होतो. 'ड्ड' साठी जिभेचं टोक दातांच्या मागे टाळूला लागतं. तिथे गार्डची जाड कडा असेल तर जीभ घसरते आणि 'ल्ल' होतो. म्हणजे बिघाड दोनच जागी आहे: पुढची जाडी आणि टाळूकडची कडा.

आता जाडी का लागते ते बघू, कारण 'पातळ करून टाका' इतकं सोपं नाही. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. आदळणाऱ्या टाचेचा संवेग तेवढाच असतो. तो शून्यावर यायला जितका जास्त वेळ मिळेल तितकं बल कमी. नुसत्या दातावर टाच आदळली की सगळं क्षणार्धात आणि एका दातावर. मध्ये मऊ थर असला की वेळ थोडा वाढतो आणि भार शेजारच्या चार-सहा दातांत वाटला जातो. शिवाय गार्ड ओठ आणि दात यांच्यामध्ये असतं, त्यामुळे आपल्याच दाताने आपला ओठ फाटत नाही.

हा थर बहुतेक वेळा 'ईव्हीए' नावाच्या प्लास्टिकचा असतो, म्हणजे इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट. तुमच्या स्पोर्ट्स शूजच्या सोलमध्ये हाच असतो, आणि सोलर पॅनलमध्ये काचेखाली सेल चिकटवून धरणारा थरही याचाच. थोड्या उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाला की तोच आकार धरतो, हा त्याचा गुण. साधारण ४ मिलिमीटरपर्यंत जाडी वाढवली की संरक्षण चांगलं वाढतं. त्यापुढे फायदा थोडा आणि तोंडातला त्रास जास्त, असं चाचण्यांत दिसलं आहे.

गंमत अशी, की बॉइल अँड बाइट बसवताना आपण नेमकं उलटं करतो. मऊ झालं की उत्साहाने कचकन चावतो. त्यामुळे दातांखाली, जिथे जाडी हवी, तिथे ते पातळ होतं आणि दाबलं गेलेलं सगळं मटेरिअल ओठाकडे आणि टाळूकडे सरकतं. रूममेटचं असंच झालं होतं. दुसरं गार्ड आम्ही नीट बसवलं. पाकिटावर लिहिलेला वेळ मोजून पाण्यात, मग हलकेच दात टेकवून (चावून नाही), बोटांनी ओठाच्या बाहेरून दाबत, हवा आत ओढत. मागच्या दाढांपलीकडे गेलेलं टोक कात्रीने कापलं, कारण उलटी आल्यासारखं त्यानेच होतं. टाळूकडची कडा कापून बारीक केली, कापलेली धार परत जरा गरम करून बोटाने गुळगुळीत केली. पुढची जाडी तशीच ठेवली. परीक्षा एकच: तोंड उघडं ठेवून बोलताना गार्ड वरच्या दातांना स्वतःहून धरून राहिलं पाहिजे. पडू नये म्हणून दात आवळून धरावे लागत असतील, तर दम लागणारच आणि बोलता येणारच नाही. दोष तुमच्या फुप्फुसांचा नाही, फिटिंगचा आहे.

तिसऱ्या प्रयत्नात 'कवल्ली' ची 'कबड्डी' झाली. अगदी दूरदर्शनच्या निवेदिकेसारखी नाही, पण पंचांना कळेल इतकी.

यापेक्षा चांगलं गार्ड डेंटिस्ट बनवतात. दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि तापवलेली ईव्हीएची शीट त्यावर हवेच्या दाबाने किंवा व्हॅक्यूमने बसवतात. आपल्या प्रॉडक्शनच्या पुस्तकातलं व्हॅक्यूम फॉर्मिंग तेच! त्यात जाडी कुठे किती हे ठरवता येतं, बसतंही घट्ट, आणि अशा गार्डने श्वास फारसा अडत नाही असंच बहुतेक चाचण्यांत दिसलं आहे. खर्च अर्थातच कितीतरी पट. ज्यांना ब्रेसेस आहेत त्यांनी मात्र घरगुती प्रयोग करूच नयेत, डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. संगमनेरला आणि लोणीला दंत महाविद्यालयं आहेत, टीमने मिळून एकदा जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे? दुकानात तयार मिळणारं, न तापवता घालायचं गार्ड कृपया घेऊ नका. ते कोणालाच नीट बसत नाही, आणि 'माऊथगार्ड म्हणजे त्रास' हे मत बहुधा तिथूनच तयार होतं.

आणि हो, अतिशयोक्ती नको. गार्ड घातलं म्हणजे डोक्याला मार बसून चक्कर येणं टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. ते दात, ओठ आणि जबडा यांच्यासाठी आहे. तेवढं ते करतं. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी रग्बी खेळाडूंना ते सक्तीचं झालं. १९९३ मध्ये खेळलेल्या आठवड्यांपैकी ६७ टक्के आठवड्यांत गार्ड वापरलं जायचं, २००३ मध्ये ते ९३ टक्क्यांवर गेलं. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींच्या भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी कमी झाले. गार्डचा शोध काही नवीन नव्हता. लंडनचे वुल्फ क्राऊस नावाचे डेंटिस्ट १८९० च्या सुमारास बॉक्सरसाठी गटापर्चाच्या पट्ट्या बनवायचेच. नवीन होतं ते रोज घालणं.

रोजचंच अवघड आहे. मॅचच्या दिवशी सगळे घालतात, पण आमचा अपघात प्रॅक्टिसला झाला. रूममेटने एक युक्ती काढली. रात्री अभ्यासाच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं गार्ड घालून ती एम-थ्रीचे फॉर्म्युले मोठ्याने वाचायची. पहिले चार दिवस लाळ फार सुटते, मग तोंडाला ते परकं वाटत नाही. 'लाप्लास ट्रान्सफॉर्म' नीट म्हणता आलं तर 'कबड्डी' काहीच नाही, असं तिचं म्हणणं. शेजारच्या रूमवाल्यांची तक्रार आली, ती वेगळी गोष्ट. गार्ड धुवायचं थंड पाण्याने, ठेवायचं भोकं असलेल्या डबीत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा उन्हात राहिलं तर आकार बिघडतो. आणि मैत्री कितीही घट्ट असो, एकमेकींचं घालायचं नाही.

आमच्या बारा जणींपैकी सध्या पाच जणी रोज घालतात. दोघी म्हणतात दम कमी पडतो, त्यांचं फिटिंग अजून बघायचंय. बाकीच्यांना अजून हसू येतं.

शेवटी एक निरोप, सगळ्या टीम्ससाठी, मुलांच्याही. मेसच्या मावशींशी बोलून ठेवलं आहे. फ्रीजच्या दारात खालच्या कप्प्यात झाकणाची एक स्टीलची छोटी डबी असते, त्यात रोजचं ताजं थंड दूध असतं. ते कॉफीसाठी नाही. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला मेसला कुलूप असतं, चावी वॉचमन काकांकडे मिळेल. दात म्हटलं की ते विचारत बसत नाहीत, लगेच देतात.