बजेट: आधी पिशवी, मग पैसा

'या महिन्याचं बजेट कोलमडलं' असं म्हणताना आपण एका कातडी पिशवीचं नाव घेतोय, हे कुणाच्या गावीही नसतं. गॉल प्रदेशातल्या बोलीतून लॅटिनमध्ये आलेला 'बुल्गा' म्हणजे चामड्याची पिशवी. जुन्या फ्रेंचमध्ये तिची छोटी आवृत्ती 'बूजेत' झाली, आणि पंधराव्या शतकात इंग्रजांनी ती उचलली. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये गावोगाव भांडी दुरुस्त करत फिरणाऱ्यांच्या हत्यारांच्या पिशवीला बजेटच म्हटलं आहे. तीही डुकराच्या कातड्याची!

पुढे पिशवीचं नाव आतल्या मालाला चिकटलं. बातम्यांचं, पत्रांचं गाठोडंही बजेट झालं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये 'पॅल मॅल बजेट' नावाचं साप्ताहिक निघत असे. जमाखर्चाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

सरकारी हिशेबाला हे नाव मिळालं ते मात्र टवाळीतून. १७३३ साली ब्रिटनचे अर्थमंत्री रॉबर्ट वॉलपोल यांनी दारू आणि तंबाखूवर अबकारी कर बसवायचं ठरवलं. लोक खवळले. 'बजेट उघडलं' अशा मथळ्याची एक पुस्तिका निघाली. जत्रेतला भोंदू वैदू पोतडी सोडून रामबाण औषधं मांडतो, तसे हे अर्थमंत्री, असा तिचा सूर होता. वॉलपोल यांना ती योजना गुंडाळावी लागली. टोमणा मात्र टिकला, आणि यथावकाश सभ्य होऊन संसदेच्या कामकाजात जाऊन बसला.

भारताचं पहिलं बजेट १८६० साली जेम्स विल्सन यांनी मांडलं आणि त्यासोबत प्राप्तिकरही आणला. स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट षण्मुखम चेट्टी यांनी १९४७ च्या नोव्हेंबरात मांडलं, तेही चामडी बॅग घेऊन. अर्थमंत्र्यांच्या हातातली ही बॅग २०१९ साली सुटली. निर्मला सीतारामन लाल कापडात बांधलेली वहीखात्यासारखी कागदपत्रं घेऊन आल्या. २०२१ पासून तिथे टॅबलेट आला.

मराठीत 'अर्थसंकल्प' आणि 'अंदाजपत्रक' असे दोन चांगले शब्द आहेत, पण ते सभागृहात आणि वर्तमानपत्रात शोभतात. घरात बजेटच चालतं. 'बजेटमध्ये बसत नाही' म्हणजे ऐपतीबाहेरचं, 'बजेट हॉटेल' म्हणजे स्वस्तातलं, आणि 'बिग बजेट' सिनेमा म्हणजे पैसा ओतलेला. एकच शब्द काटकसरही सांगतो आणि उधळपट्टीही.

गंमत म्हणजे, दरवर्षी ज्याची एवढी चर्चा होते, त्याला राज्यघटनेचं ११२ वं कलम बजेट म्हणतच नाही. तिथे त्याचं नाव आहे वार्षिक वित्तीय विवरणपत्र.