फोड रंगावर, दोष भिंतीत

दिवाळी जवळ आली की आपल्या व्यापारी घरांत दोन कामांची लगबग सुरू होते : चोपडापूजनाची तयारी आणि घराला रंग. माजरीसारख्या कोळसा खाणींच्या गावात धुळीने काळवंडलेल्या भिंती सणापूर्वी उजळाव्यात, ही इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु दिवाळीत झळकलेल्या त्याच भिंतीवर वैशाखात फोड उठतात, पुढच्या पावसात पोपडे गळतात आणि रंगाऱ्याला पुन्हा बोलावणे जाते. आपण दोष रंगाला देतो. तो बहुधा आपल्या घाईचा असतो.

चार महिने पाऊस प्यालेली भिंत वरून कोरडी दिसली, तरी गिलाव्यात ओल उरलेली असते. रंगाच्या थराखाली ती कोंडली जाते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती रंगाचा पापुद्रा फुगवते.

उपायापूर्वी निदान हवे. एक फोड चाकूने कापून पाहावा. आत उघडा गिलावा किंवा लोण्याची पांढरी भुकटी दिसली, तर ओल मागून येत आहे. जुना रंग शाबूत दिसला, तर नवा हात तापलेल्या वा धुळकट भिंतीवर दिला गेला असावा.

उत्तराध्ययन सूत्राच्या ३० व्या अध्ययनात तलावाचा दृष्टान्त आहे. पाणी येण्याचे मार्ग आधी बंद करावे लागतात, मगच साठलेले पाणी आटते. आधी संवर, मग निर्जरा. भिंतीचाही क्रम हाच.

संवर म्हणजे ओलीची वाट बंद करणे. गच्चीच्या कठड्याच्या भेगा, सज्जावर साचणारे पाणी, गळका पाइप, न्हाणीघराची भिंत हे सारे तपासावे. अंगणाचा उतार घरापासून दूर असावा. या दुरुस्त्या चातुर्मासापूर्वी उरकाव्यात. ओल्या भिंतीवर शेवाळ धरते आणि शेवाळ अनंतकाय आहे. ते खरवडण्याची वेळच येऊ न देणे, हीच खरी जयणा.

त्यानंतर सुटलेला रंग पक्क्या थरापर्यंत खरवडावा. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये; पृष्ठभाग ओलसर करून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे आणि कामगाराला मास्क द्यावा. कोळशाची धूळ धुऊन भिंत पूर्ण सुकू द्यावी. नव्या गिलाव्याला सुमारे २८ दिवस लागतात. मग दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. आत दव जमले, तर अजून थांबावे. दव नसेल, तर प्रायमर आणि मग रंग. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे सावलीत असताना रंगवावी.

आपल्याकडे या कामाचा उत्तम काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा, मार्गशीर्ष ते माघ. दिवाळीला उंबरठा, तोरण आणि स्वच्छ अंगण पुरेसे आहे. ज्या ऋणकोची मिळकत तपासली नाही, त्याला नवे कर्ज देऊन जुने खाते सुधारत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. ओल्या भिंतीवरचा नवा रंग हे तसेच कर्ज आहे.