बायकांच्या गॅलरीतून आया सोफिया

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे इस्तंबूलला गेले. निळ्या मशिदीत ते बूट काढून फिरले. पण हाकेच्या अंतरावरच्या आया सोफियात त्यांनी पाऊल ठेवले नाही. पोप सहाव्या पॉलनी १९६७ मध्ये तिथे गुडघे टेकून प्रार्थना केली होती. बेनेडिक्ट २००६ मध्ये आणि फ्रान्सिस २०१४ मध्ये तिथे जाऊन आले होते. तेव्हा ते संग्रहालय होते. जुलै २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे.

ही वास्तू चर्च, संग्रहालय की मशीद, या वादात कोणाची बाजू खरी, यावर भरपूर लिहून झाले आहे. भोपाळच्या माणसाकडे मात्र या वास्तूकडे पाहण्याची आपली एक वेगळी वाट आहे.

१९११ मध्ये आपल्या नवाब सुलतान जहाँ बेगम पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेल्या. बुरख्यावर मुकुट घातलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्याच दौऱ्यात त्या इस्तंबूललाही गेल्या आणि सुलतान पाचव्या मेहमेदना भेटल्या. सोबत धाकटी सून मैमुना सुलतान होती. तिने या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले आणि १९१४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. राजघराण्यातल्या पडद्यातल्या तरुण मुलीने युरोप पाहून पुस्तक लिहावे, ही केवढी मोठी गोष्ट! भोपाळच्या शाळांतून ते शिकवले जायला हवे होते.

१९११ ची आया सोफिया आजच्यासारखी नव्हती. तेव्हाही ती मशीदच होती, पण ज्या मोझेक चित्रांसाठी आज परदेशी पाहुणे तिकीट काढतात, त्यांतली बहुतेक गिलाव्याखाली होती. वास्तुविशारद फोसाती बंधूंनी १८४७ ते १८४९ च्या दुरुस्तीत ती उघडून, नोंदवून पुन्हा झाकली होती. थॉमस व्हिटमोर या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ पासून ती नव्याने मोकळी करायला सुरुवात केली.

जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांकडून २५ युरो घेऊन त्यांना थेट वरच्या गॅलरीत पाठवतात. खालचा भाग नमाजासाठी राखीव आहे. अनेकांना ही फसवणूक वाटते. मला ती गॅलरीच त्या वास्तूतली सर्वांत बोलकी जागा वाटते. बायझंटाइन काळात दरबारी बायका तिथूनच उपासना पाहत. सम्राज्ञीचे आसन असे तिथे आजही हिरव्या दगडाची गोल चकती दिसते. थोडे पुढे सम्राज्ञी झोईचे मोझेक आहे. सत्तेवरचा हक्क जन्माने तिचा होता, नवरे बदलले. शेजारच्या सम्राटाचा चेहरा आणि नाव बदलून नवे बसवल्याच्या खुणा चित्रात उरल्या आहेत. चार बेगमांनी राज्य केलेल्या गावाला हे चित्र समजावून सांगावे लागू नये.

आपली ताजुल मसाजिद शाहजहाँ बेगमनी बांधायला घेतली. १९०१ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम अपुरे होते. १९७१ मध्ये ते पुन्हा सुरू होऊन १९८५ मध्ये पुरे झाले. तिच्या मूळ आराखड्यातच बायकांच्या नमाजासाठी जागा ठेवली होती. मशिदीत बाईने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न तिथे बांधकामाच्या आधी सोडवलेला होता. इंग्लंडमधल्या वोकिंगची १८८९ ची मशीदही याच बेगमच्या देणगीतून उभी राहिली आणि त्यांच्या नावाने ओळखली जाते. युरोपच्या धार्मिक वारशात भोपाळचा वाटा आहे, तो असा विटा-चुन्याचा.

म्हणून इस्तंबूलला निघालेल्यांना माझा आग्रह आहे, की आधी एक सकाळ ताजुल मसाजिदीत घालवा आणि मग त्या गॅलरीत जा. सहल कंपन्या बॉस्फरसची बोट, बाजार आणि घुमटासमोरचा फोटो एवढ्यावर शहर उरकतात. त्यातून वेळ काढून फेनेरला जावे, तिथे ऑर्थोडॉक्स पंथाच्या प्रमुख धर्मगुरूंचे सेंट जॉर्ज चर्च आहे. शेजारच्या बालात मोहल्ल्यात जुने सिनेगॉग आहे. कारिये ही जुनी चर्चची वास्तू तर चुकवूच नये. मे २०२४ मध्ये तीही पुन्हा मशीद झाली, पण चौदाव्या शतकातली मोझेक आणि भित्तिचित्रे अजून पाहता येतात. अशा वास्तूत नमाज व्हावा याला माझी हरकत नाही. पण पाहुण्याला घुमटाखाली उभेच राहू न देणे मला पटत नाही. सम्राट जस्टिनियनच्या कारागिरांनी जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच नेलेला तो घुमट खालून, मान वर करून पाहण्यासाठीच रचला होता. नमाजाच्या वेळा सोडून दिवसातला तासभर तरी ती जागा सर्वांना खुली करावी.