फांदी कापण्याआधी तार पाहा

मृगाचा पाऊस जवळ आला की अंगणातल्या झाडांकडे लक्ष जाते. गच्चीवर आलेली आंब्याची फांदी, खिडकीवर घासणारा गुलमोहर, शेजाऱ्यांच्या गाडीवर झुकलेला शेवगा... वर्षभर सावली देणाऱ्या याच फांद्यांची पहिल्या वादळाच्या आधी धास्ती वाटू लागते. पूर्वी बांबूला कोयता बांधायचा, नाहीतर शिडी लावून माळ्याला वर चढवायचे, एवढेच मार्ग होते. आता लांब दांड्याची विजेची करवत, म्हणजे पोल सॉ, सहज मिळते. दांड्याच्या टोकाला 8 ते 10 इंचांची पट्टी, तिच्याभोवती फिरणारी दातेरी साखळी आणि छोटी मोटर. जमिनीवर उभे राहून डोक्यावरची फांदी कापता येते. शिडीवरून पडण्याची भीती टळली, हा तिचा मोठाच गुण. पण या करवतीचे खरे धोके वरून येतात, आणि त्यांतला पहिला म्हणजे विजेची तार.

घरातला स्विच इथे कामाचा नाही

यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. म्हणजे मोटरमध्ये बिघाड झाला तरी झटका हातापर्यंत येऊ नये, अशी सोय. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला असेल तर आणखी चांगले. साखळीखाली वायर सापडून कापली गेली तर तो क्षणात प्रवाह तोडतो. पण या दोन्ही गोष्टी तुमच्या घरातल्या विजेपासून वाचवतात. दांडा रस्त्यावरच्या तारेला लागला तर ती वीज तुमच्या मीटरमधून आलेली नसते, मग तुमचा ईएलसीबी तिला अडवणार कसा? बरेच दांडे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. फायबरचा दांडा असला तरी ही यंत्रे तारांजवळ वापरण्यासाठी बनवलेलीच नसतात. बॅटरीवर चालणारी करवत घेतली म्हणून हा धोका टळत नाही, आणि पायातल्या रबरी चपलांवर तर मुळीच विसंबू नये.

बहुतेक माहितीपुस्तिकांमध्ये तारांपासून 10 मीटर दूर राहा असे सांगितलेले असते, काहींत 15 मीटर. आपल्या गल्लीबोळांत एवढी मोकळी जागा कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. नसेल तर ती फांदी आपण कापायची नाही, हे सरळ उत्तर आहे. वीज कंपनीला कळवा; पुरवठा बंद करून ते काम त्यांच्या माणसांकडूनच होऊ द्या. तार पानांआड लपलेली असते, आणि कापलेली ओली फांदी तारेवर पडली तर तीही वीज वाहून नेते. त्यातूनही दांडा तारेला लागलाच, तर तो धरलेल्या माणसाला हात लावायला धावू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि त्या तारेचा पुरवठा बंद करायला वीज कंपनीला ताबडतोब फोन करा.

पुष्कळ घरांत करवत विकत घेतात साहेब आणि चालवतो माळी. त्याला पुस्तिका वाचायला मिळत नाही, चष्मा आणि हेल्मेट तर नाहीच. यंत्रावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने ही दोनशे-चारशेची काटकसर करावी, हे पटणारे नाही. हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि बंद बूट हवेतच. पदर, ओढणी, सैल बाह्या नीट खोचून घ्या.

फांदी कशी पडेल?

दुसरा धोका खुद्द फांदीचा. कापणाऱ्याने फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नये. बाजूला उभे राहून दांडा तिरका धरावा, जमिनीशी 60 अंशांपेक्षा उभा नको. मागे सरकायची वाट आधीच मोकळी करा. मुले, कुत्रा, चहा घेऊन येणारी मंडळी, सगळ्यांना 15 मीटर लांब ठेवा. या करवतीबरोबर शिडी कधीच वापरू नका. घेतली ती शिडी टाळण्यासाठीच.

जाड फांदी एका घावात कापली की ती अर्ध्यावर मोडून खोडाची साल ओरबाडत खाली येते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडा काप घ्या. मग त्याच्या किंचित बाहेरच्या बाजूला वरून कापा. फांदी पडल्यावर उरलेला खुंट काढायचा, पण खोडाला घासून नव्हे. फांदी फुटते तिथे सालीची फुगीर कड असते, तिच्या बाहेरूनच कापावे. झाडाची जखम तिथूनच भरून येते. साखळी फिरू लागल्यावरच पट्टी फांदीवर टेकवा, जोर लावू नका, आणि पट्टीचे टोक दुसऱ्या फांदीला लागू देऊ नका, करवत मागे उसळते. नारळाच्या झावळ्यांना हे यंत्र लावू नये. तंतू साखळीत गुंततात.

पावसात किंवा ओल्या गवतावर काम नको. जाड तारेची, बाहेर वापरण्याजोगी एकच लांब वायर घ्या. शहरात फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी लागू शकते. महाराष्ट्रात 1975 पासून आणि दिल्लीत 1994 पासून त्यासाठी कायदा आहे. पालवीत कावळ्याचे घरटे किंवा गांधीलमाश्यांचे पोळे तर नाही ना, हेही पाहून घ्या.

तेल आणि ताण

देखभालीत साखळीचे तेल पहिले. टाकी रिकामी ठेवून चालवली तर पट्टी तापून खराब होते. साखळीला हात लावण्यापूर्वी प्लग किंवा बॅटरी काढा. यंत्र थंड असताना पट्टीच्या मध्यावर साखळी उचलून पाहा: थोडी उचलली जावी, पण खालचे दाते खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडताच ती जागेवर बसावी. नवी साखळी ताणते, म्हणून पहिल्या दिवशी हे दोन-तीनदा तपासावे. लाकडाचे कपचे पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की साखळी बोथट झाली. दात्याला जुळणाऱ्या गोल कानशीने, सगळ्या दात्यांवर सारखेच हात फिरवून धार लावा. जमत नसेल तर दुकानातून लावून घ्या. पट्टी अधूनमधून उलटी बसवली तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.

काम झाले की खाचेतला भुसा ब्रशने काढा. चिकाच्या झाडावर काम केले असेल तर साखळी त्याच दिवशी पुसून घ्या, वाळलेला चीक नंतर निघता निघत नाही. ठेवताना तेल काढून टाका, पट्टीवर म्यान चढवा आणि करवत मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी आडवी ठेवा.